गाणाऱ्याचं दुःख आणि तिचा घरखर्च

प्रेमकथेतल्या एकट्या आईला पाळणाघराची फी कधी भरावी लागत नाही. वेब मालिका असो, दिवाळी अंकातली कथा असो की इंग्रजी कादंबरी, सूत्र ठरलेलं असतं. जिवाचं माणूस गेल्यामुळे गाणं सोडून बसलेला एक कलावंत आणि पदरी मूल असलेली, दोन ठिकाणी राबणारी एक बाई. ती भेटते, तो पुन्हा वाद्य हातात घेतो, शेवटी भरल्या सभागृहात नवं गाणं म्हणतो आणि ती पहिल्या रांगेत डोळे पुसते. तेव्हा तिचं मूल कुणाकडे असतं, हे कुणी सांगत नाही.

मला या कथा मनापासून आवडतात, म्हणूनच त्यांच्याशी भांडावंसं वाटतं. नवरा गेला तेव्हा माझा मुलगा ओजस चार वर्षांचा होता. मी मिरजेत एका पतसंस्थेत कॅशिअर आहे. दिवसाची रोकड जुळल्याशिवाय मला उठता येत नाही आणि तेव्हा पाळणाघर साडेसहाला बंद व्हायचं. दहा रुपयांचा फरक सापडत नसला की माझा जीव घड्याळाकडे लागायचा. अशा आयुष्यात प्रेमाला जागा नसते, असं मुळीच नाही. जागा असते, ओढही असते. पण ती साडेसहाच्या अलीकडे किंवा मूल झोपल्यावर. हे ज्या कथेला दिसत नाही, तिला ती बाईच दिसलेली नाही.

नवरा गेल्यानंतर काही वर्षांनी मावशीनं एक स्थळ आणलं होतं. पेटी वाजवणारे गृहस्थ, बायको आजारपणात गेलेली, माणूस सज्जन. मावशी म्हणाली, “अगं, ती गेल्यापासून त्यांनी पेटी उघडलीसुद्धा नाही. तू गेलीस तर त्या घरात परत सूर येतील बघ.” मी विचारलं, “आणि ओजसच्या शाळेचं काय?” ती म्हणाली, “ते काय, नंतर बघता येईल.” मावशीनं हे मायेनंच म्हटलं होतं. पण तिच्या बोलण्यात मी औषधासारखी होते. दुखणं त्यांचं, गुण यायचा तो त्यांना. औषधाला मूल आहे, त्याची शाळा आहे, ही गोष्ट नंतरची. मी नको म्हणाले, ते एवढ्याचसाठी.

याच सूत्रावरची एकच गोष्ट मला पूर्ण पटली आहे, ती ‘वन्स’ या आयरिश चित्रपटाची. जॉन कार्नी यांनी दिग्दर्शित केलेला हा लहानसा चित्रपट २००७ साली सगळीकडे पोचला आणि पुढच्या वर्षी त्यातल्या गाण्याला ऑस्कर मिळालं. ग्लेन हान्सार्ड आणि मार्केता इर्ग्लोव्हा या दोघांनीच ते गाणं रचलं आणि तेच दोघे पडद्यावरही आहेत. डब्लिनच्या रस्त्यावर गिटार वाजवणारा तो, आई गेल्यावर वडिलांकडे राहायला आलेला. प्रेयसी सोडून गेलेली. दिवसा वडिलांच्या दुकानात व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्त करतो. ती चेक देशातून आलेली, रस्त्यावर फुलं विकणारी. घरी आई आणि लहान मुलगी, नवरा मायदेशी. दोघांना चित्रपटात नावंही नाहीत.

तिच्याकडे पियानो नाही. वाद्यांच्या दुकानातला माणूस जेवणाच्या सुटीत तिला तिथल्या पियानोवर वाजवू देतो, तेवढाच तिचा रियाज. आमच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याच्या तारा छेडून बघणारी आणि किंमत विचारून तो हळूच परत ठेवणारी पोरं मी पाहिली आहेत, त्यामुळे तो प्रसंग मला घरचा वाटला. पण माझ्या मनात घर करून राहिला तो दुसराच. त्यानं दिलेल्या चालीवर तिला रात्री शब्द लिहायचे असतात आणि सीडी प्लेअरची बॅटरी संपते. ती मुलीच्या गल्ल्यातून नाणी काढते, परत करीन असं तिला सांगते, घरातल्याच कपड्यांत आणि चपलांत कोपऱ्यावरच्या दुकानात जाते आणि येताना कानाला हेडफोन लावून ते गाणं पूर्ण करते. गाणं कुठून आलं, याचं इतकं खरं उत्तर मी दुसऱ्या कुठल्या प्रेमकथेत पाहिलेलं नाही. त्या नाण्यांसकट ते गाणं तिचं आहे.

शेवटी ते एकत्र येत नाहीत. तो लंडनला जातो, तिचा नवरा परत येतो. जाण्याआधी तो तिच्या घरी पियानो पाठवतो. अनेकांना हा शेवट चुटपुट लावतो. मला तो सगळ्यात प्रेमळ वाटतो. आपल्याला ही बाई हवी आहे, इथं न थांबता तिला काय हवं आहे ते त्यानं ओळखलं होतं.

हे सगळं आयर्लंडचं झालं. पण आमच्या गावाकडे याहून मोठी गोष्ट पडून आहे आणि ती आम्ही अर्धीच सांगतो. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, इथंच त्यांची कबर आहे, आजही त्यांच्या नावानं इथं गाणं होतं. १९२२ साली त्यांच्या पत्नी ताराबाई माने पाच मुलांना घेऊन त्यांच्यापासून वेगळ्या झाल्या. त्यानंतर खाँसाहेबांच्या आवाजात जो करुण रस उतरला, तो या विरहातून, असं आमच्याकडची जाणती माणसं सांगतात. त्यांची झिंझोटीतली ठुमरी ऐकून लहानगा भीमसेन जोशी गाण्यासाठी घर सोडून निघाला, हे तर सर्वांना ठाऊक आहे. त्या स्वरांपुढे मीही हात जोडते.

पण त्या दिवशी दारातून बाहेर पडलेल्या बाईचं पुढं काय झालं? त्या स्वतः खाँसाहेबांच्या शिष्या, बडोद्याच्या राजघराण्याच्या नात्यातल्या. खाँसाहेबांसाठी सगळं सोडून आलेल्या. सोबत पाच मुलं, धाकटी सरस्वती जेमतेम आठ-नऊ वर्षांची. मुलांना त्यांनी आपलं माने हे आडनाव दिलं. (मुलाच्या नावापुढे आईचं नाव लावणं आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी सक्तीचं झालं, म्हणजे शंभर वर्षांनी.) त्याच घरातून सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे उभे राहिले. भावंडांनी नाटक कंपनी चालवली. बाईनं तिकीट लावून चारचौघांत बसून गाणं जेव्हा लोकांना खपत नव्हतं, तेव्हा हिराबाईंनी ते केलं आणि मानानं केलं. किराणा घराण्याचा निम्मा इतिहास त्या घरात घडला.

तरी विरह खाँसाहेबांच्या नावावर जमा आहे आणि ताराबाईंच्या वाट्याला ‘सोडून गेल्या’ एवढे दोनच शब्द येतात. दुःख झालं की पुरुषाचं गाणं होतं आणि बाईला उद्याच्या पिठाची सोय बघावी लागते. ती बघताना तिनं पाच गळे तयार केले, तर त्यालाही आपण दुःखातून आलेलं संगीतच म्हणायला हवं. आपल्या प्रेमकथा इथंच कमी पडतात. त्या एकट्या आईला एक तर त्यागमूर्ती करून देव्हाऱ्यात बसवतात, नाही तर कुणीतरी येऊन सोडवेल म्हणून खिडकीत उभं करतात. तिला राग येतो, तिला कुणीतरी आवडतं, महिनाअखेरीला तिचे पैसे संपतात आणि त्याच रात्री तिला एखादी चालही सुचते, हे सगळं एका बाईत मावतं.

कुणी लेखक-दिग्दर्शक खाँसाहेब आणि ताराबाईंच्या प्रेमावर चित्रपट काढणार असेल, तर मिरजेतली एक प्रेक्षक म्हणून माझी मागणी आहे. बडोद्यातलं गुरु-शिष्येचं प्रेम दाखवा, तिथून निघून जाणं दाखवा, खाँसाहेबांचं एकटेपण जरूर दाखवा. पण १९२२ नंतरचा निम्मा चित्रपट ताराबाईंना द्या. भाडं कसं भरलं, सरस्वतीला शिकवायला कोण बसलं, कंपनीवर कर्ज झालं तेव्हा घरात काय बोलणं झालं, हे शोधा आणि दाखवा. त्या चित्रपटाचं तिकीट मी पहिल्या दिवशी काढीन आणि ओजसलाही बरोबर नेईन.