डिसेंबरात नको, दसऱ्याआधी या

प्रति,
परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांचे पदाधिकारी व स्वयंसेवक,
आणि शिक्षण विभाग, जिल्हा परिषद, बीड



बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या जिल्हा परिषद शाळांत मी आयुष्यभर शिकवले. दूरदेशी राहून आमच्या पोरांची आठवण ठेवणाऱ्या तुम्हा सगळ्यांविषयी माझ्या मनात आदर आहे. म्हणूनच हक्काने मागते आहे: तुमच्या मदतीचा महिना बदला.

तुम्हाला नाताळची सुट्टी असते, म्हणून तुम्ही डिसेंबर-जानेवारीत येता. दप्तरे, स्वेटर, वह्या, कधी संगणकही आणता. शाळा सजते, मुली स्वागतगीत म्हणतात. पण ज्या मुलांचे नाव घेऊन तुम्ही तिकडे निधी जमवला, ती त्या दिवशी शाळेत नसतात. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यावर मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते आणि ती फेडायला सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, नाहीतर थेट बेळगावचा फड गाठावा लागतो. घरी सांभाळणारे कोणी नसले की लेकरूही भांड्याकुंड्यांबरोबर ट्रॅक्टरात चढते. ते परत येते गुढीपाडव्याच्या आगेमागे. पटावर नाव असते, वर्गात मूल नसते.

फडावर ते काय करते? आईबाप पहाटे अंधारात तोडीला गेले की कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी भरते, जरा मोठे झाले की उसाचे वाढे गोळा करते, मोळ्या बांधते. शेजारच्या गावात शाळा असते. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा त्याला तिथे बसायचा अधिकारही देतो, गावातून निघताना शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धतही आहे. पण टोळी पंधरा दिवसांत दुसऱ्या फडावर हलते, आणि सीमेपलीकडे तर शाळा कन्नड असते.

मुलींचे दुखणे आणखी खोल आहे. बारा-तेरा वर्षांची मुलगी एकटी मागे कशी ठेवायची, या धास्तीने आईबाप तिला सोबत नेतात किंवा लवकर उजवून टाकतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून जास्त जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. तुमचे नवे दप्तर अशा मुलीपर्यंत पोहोचतच नाही.

तिला गावात थांबवते ते हंगामी वसतिगृह. शाळा व्यवस्थापन समितीने चालवायचे, मुलांनी गावातच आजी-आजोबांकडे किंवा नातलगांकडे राहायचे आणि सकाळ-संध्याकाळ शाळेत जेवायचे, अशी ती साधी योजना आहे. पण मंजुरी आणि अनुदान हंगाम सुरू झाल्यावर आले तर तोवर ट्रॅक्टर निघून गेलेला असतो. किराणा उधारीवर भरायचा कोणी? स्वयंपाक करणाऱ्या बाईला पगार द्यायचा कुठून? शिक्षण विभागाला माझी विनंती आहे की स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी पावसाळ्यातच करा. उचल तेव्हाच घेतली जाते आणि लेकराला कुठे ठेवायचे हेही घरात तेव्हाच ठरते. वसतिगृहाची मंजुरी दसऱ्याआधी गावाच्या हातात पडू द्या. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे उभारायची संत भगवानबाबांच्या नावाची योजना शासनाने २०२१ मध्ये आणली. ती पूर्ण होईल तेव्हा होवो. यंदाचा हंगाम तिच्यासाठी थांबणार नाही.

आणि मंडळांनो, तुमचा पैसा इथे लागू द्या. अनुदान येईपर्यंतचा दोन-तीन महिन्यांचा किराणा, मुलींसाठी रात्री मुक्कामी राहणारी एखादी विश्वासाची बाई, नातू सांभाळणाऱ्या आजीच्या घरात चार पायली धान्य. यात फोटो काढण्याजोगे काही नाही, हे मला ठाऊक आहे. मूल मात्र थांबते. शिरूर कासार तालुक्यात आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी २००० साली शांतिवन सुरू केले, तिथे ऊसतोड कामगारांची मुले वर्षभर राहून शिकतात. बारमाही माणूस तिथे आहे, म्हणूनच ते टिकले.

पैसे पाठवताना कायदा सांभाळा. ज्यांनी परकी नागरिकत्व घेतले आहे, त्यांची देणगी परकीय निधी ठरते आणि ती त्यासाठी नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती संस्था तो निधी पुढे दुसऱ्या संस्थेला वाटूही शकत नाही. भारतीय पारपत्र असलेल्यांना ही अडचण नाही.

शिकवायची हौस असलेल्यांनाही काम आहे. आमच्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा हिवाळ्यात लंडनला दुपारचे दोन आणि न्यू जर्सीत सकाळचे नऊ झालेले असतात. तुमच्या शनिवार-रविवारी, मुले जेवायला जमण्याच्या वेळी, मोबाईलवर तासभर त्यांच्याशी बोला. इंग्रजीची घाई करू नका. त्यांच्याकडून मराठी वाचून घ्या, पाढे म्हणवून घ्या, आईबापांची आठवण आली तर ऐकून घ्या. पण तोच माणूस दर आठवड्याला दिसू द्या. पोरांनी आधीच फार माणसे निघून जाताना पाहिली आहेत.

भेटीला यायचे असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरात या, टोळ्या गावात असताना. आईबापांशी ओट्यावर बसून बोला, त्यांनाच विचारा की लेकरू मागे ठेवायला काय लागेल.

गणेशोत्सवाला तुमचे सारे मंडळ एकत्र येते. त्या सभेत हा विषय घ्या. एका मंडळाने बीड जिल्ह्यातले एक गाव धरावे, सलग तीन हंगाम. दसऱ्याच्या आत तुमचा होकार गावाला कळला, तर याच वर्षी काही लेकरांना ट्रॅक्टरात चढावे लागणार नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
धारूर तालुका, जि. बीड