उलट्या वाऱ्याचा हिशेब

अमेरिकेच्या उत्तर भागात सप्टेंबरचा मध्य उलटला की हजारो घरांत दिवसाची सुरुवात एका प्रश्नाने होते : आज वारा कुठला? हा प्रश्न विचारणारी माणसे कोळी नसतात की वैमानिक नसतात. ती असतात धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणारी साधी नोकरदार मंडळी. कुणी प्लंबर, कुणी शाळामास्तर, कुणी दंतवैद्य. वारा मनासारखा असला तर प्रश्न तिथेच मिटतो. तो नसला, आणि दिवस आठवड्यातून एकदाच येणारा शनिवार असला, म्हणजे खरी पंचाईत. जायचे की नाही?

मुलीचे घर विस्कॉन्सिन राज्यात असल्याने तिकडचे दोन-तीन पानझडीचे मोसम मी जवळून पाहिले आहेत. मी शिकारी नाही आणि या वयात होण्याचा संभवही नाही. पण आजूबाजूच्या मंडळींचा हा वाद मी आवडीने ऐकत आलो. ज्या माणसाची उमेद बँकेत कर्जाचे अर्ज वाचण्यात गेली, त्याला जोखीम घ्यावी की न घ्यावी हा वाद परका वाटत नाही. या वादात एक महत्त्वाची गोष्ट मात्र नेहमी निसटते असे मला वाटते. तेवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

मराठी वाचकाच्या मनात पहिला प्रश्न येईल तो असा की, मुळात त्या मुक्या जनावराला मारायचेच कशाला? आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार उरली ती जुन्या माणसांच्या आठवणींत आणि कथा-कादंबऱ्यांत. त्यामुळे हा प्रश्न रास्तच आहे. तिकडची परिस्थिती वेगळी आहे. एकोणिसाव्या शतकातल्या बेसुमार, बाजारासाठी केलेल्या शिकारीने तिथले पांढऱ्या शेपटीचे हरीण काही लाखांवर आले होते. मग १९००मध्ये लेसी कायदा झाला, जंगली हरणाच्या मांसाची विक्री बंद झाली, परवाने आणि ठराविक हंगाम आले. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला. १९७२च्या दुरुस्तीने धनुष्यबाणही त्या कराखाली आले. आज या हरणांची संख्या तीन कोटींच्या आसपास आहे. त्यांना खाणारे लांडगे आणि प्यूमा देशाच्या मोठ्या भागातून केव्हाच नाहीसे झाले. हरणे मोटारींवर आदळून दरवर्षी होणारे अपघात दहा लाखांच्या वर जातात, असा विमा कंपन्यांचा अंदाज आहे. जंगलातली कोवळी रोपे हरणे वाढू देत नाहीत, ते वेगळेच. तेव्हा कुणीतरी हरणे मारली पाहिजेत, असे तिथल्या सरकारचे आणि बऱ्याच वन्यजीवतज्ज्ञांचेही म्हणणे आहे. ज्याला ते पटत नाही त्याच्याशी माझे भांडण नाही. पण मारणे एकदा मान्य केले तरी कसे मारायचे आणि कधी हात आवरायचा, हा प्रश्न उरतोच.

विस्कॉन्सिनने १९३४ साली धनुर्धाऱ्यांसाठी हरणांचा स्वतंत्र हंगाम ठेवला. आधुनिक अमेरिकेतला असा तो पहिलाच. आज तो सप्टेंबरच्या मध्यापासून थेट जानेवारीपर्यंत चालतो. बंदुकीचा मुख्य हंगाम मात्र जेमतेम नऊ दिवसांचा. धनुर्धाऱ्याला एवढी मुदत मिळते, कारण त्याचे काम कठीण आहे. बंदूकवाला शंभर-दीडशे यार्डांवरून गोळी घालू शकतो. धनुर्धाऱ्याला हरीण वीस-तीस यार्डांत यावे लागते. तो झाडावर पंधरा-वीस फुटांवर छोटे मचाण बांधून तासन् तास बसून राहतो. स्थिर बसलेला माणूस हरणाला सहसा दिसत नाही. खोकला नाही तर ऐकूही येत नाही. पण त्याचा वास वाऱ्याबरोबर जातो आणि हरणाच्या नाकाला फसवता येत नाही. वारा माणसाकडून हरणाकडे वाहत असेल तर हरीण पाय आपटते, शेपटी उभारते आणि नाहीसे होते. पुष्कळदा ते आले होते हेही मचाणावरच्या माणसाला कळत नाही.

हे ज्ञान जुने आहे. १९११मध्ये कॅलिफोर्नियात याही जमातीचा अखेरचा माणूस, इशी, डोंगरातून खाली आला आणि १९१६मध्ये क्षयाने जाईपर्यंत सॅन फ्रान्सिस्कोत विद्यापीठाच्या आश्रयाला राहिला. तिथल्या डॉ. सॅक्स्टन पोप यांना त्याने धनुष्य बनवायला आणि शिकार करायला शिकवले. पोप यांचे त्यावरचे पुस्तक १९२३ साली निघाले. अमेरिकेतल्या आजच्या धनुष्यशिकारीची परंपरा या गुरुशिष्यांपासून सुरू झाली असे मानतात. पोप यांनी नोंदवले आहे की, शिकारीच्या आदल्या दिवशी इशी मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे. पहाटे ओढ्यात आंघोळ करून तो अंगाला सुगंधी पाला चोळी आणि उपाशीपोटीच निघे. आपल्याकडे व्रताला बसणारा माणूस याहून वेगळे काय करतो?

आजचा शिकारी पाल्याऐवजी बाटलीतले फवारे मारतो, कोळशाचा थर असलेले कपडे घालतो, ओझोन सोडणारे यंत्रही विकत घेतो. वास मारण्याचा हा धंदा तिकडे चांगला फोफावला आहे. पण जाणते शिकारी खिशात आणखी एक वस्तू ठेवतात, आणि ती फुकट मिळते. आपल्या रुईच्या कुळातलीच 'मिल्कवीड' नावाची एक वनस्पती तिकडे माळावर उगवते. तिच्या बोंडातली म्हातारी, लहानपणी आपण जिच्यामागे धावलो तीच, मचाणावरून सोडायची आणि कुठे जाते ते बघत राहायचे. सकाळी ऊन चढले की उतारावरची हवा वर सरकते. संध्याकाळी गार झाली की खाली घळीत उतरते. फोनवर हवामानखाते 'वायव्येचा वारा' म्हणून सांगत असते आणि ही म्हातारी गिरकी घेऊन भलतीकडेच निघते.

आता मूळ वादाकडे येतो. एक पक्ष म्हणतो, वारा उलटा असेल तर घरी बसा. गेलात तर हरीण तर मिळणार नाहीच, वर त्या झाडापाशी माणूस बसतो हे त्याला कळेल. मग ते दिवसाउजेडी तिकडे फिरकणार नाही आणि पुढचे चार चांगले दिवस तुम्ही एका वाईट दिवसापायी घालवाल. दुसरा पक्ष म्हणतो, घरच्या कोचावर बसून आजवर कुणाला हरीण मिळाले आहे? सुट्टी शनिवार-रविवारचीच. नोव्हेंबरच्या पूर्वार्धात नर माद्यांमागे वेडे होऊन भरदिवसा फिरतात, ते दिवस वर्षातून एकदाच येतात. शिवाय अनुभवी नरही वारा बघूनच चालतो. वारा तुम्हाला अगदी सोयीचा असेल तर तो त्या वाटेने येणारच नाही. तेव्हा वारा त्याला वाटावा आपला आणि चार हातांनी असावा तुमचा, अशा अडनिड्या दिवशीच खरी शिकार होते.

दोन्ही पक्षांत तथ्य आहे. पण दोघेही बोलतात ते एकाच वाऱ्याबद्दल, वास वाहून नेणाऱ्या. प्रतिकूल वारा आणखी एक असतो, तो झोताझोताने येतो आणि त्याची दिशा कुठली का असेना, झाड हलवतो. त्या वाऱ्यात मचाण डुलते, ताणलेले धनुष्य हातात थरथरते आणि पिसे लावलेला बाण आडव्या झोताने सरकतो. हरणाच्या छातीतली फुप्फुसांची जागा साधारण जेवणाच्या ताटलीएवढी. बाण तिथे बसला तर जनावर थोड्याच वेळात कोसळते. वीतभर मागे पोटात बसला तर ते पळते, झुडपात जाऊन बसते आणि मरायला त्याला कित्येक तास लागतात. गोळीच्या धक्क्याने जनावर जागीच पडू शकते. बाणाचे तसे नसते, त्याने रक्तस्रावच व्हावा लागतो. त्यामुळे शिकाऱ्याला पानांवरचे रक्ताचे थेंब शोधत माग काढावा लागतो, आणि सोसाट्याच्या वाऱ्यात ती पानेही जागेवर राहत नाहीत.

इथे आणखी एक हिशेब आहे. आजच्या कप्प्यांच्या धनुष्यातून बाण सेकंदाला सुमारे २८० फूट वेगाने सुटतो. ध्वनीचा वेग त्याच्या चौपट. तीस यार्ड, म्हणजे नव्वद फूट, जायला बाणाला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो आणि दोरीचा आवाज त्याच्या आधीच पोचलेला असतो. दचकलेले हरीण तेवढ्यात अंग चोरून खाली बसते. वाऱ्याच्या दिवशी पानापानाचा आवाज होत असतो, हरणाला धड वास लागत नाही, धड ऐकू येत नाही, म्हणून ते पुष्कळदा आधीच बिथरलेले असते. म्हणजे नेम हलणारा, बाण सरकणारा आणि निशाण दचकणारे. अशा तिहेरी अनिश्चितीत सोडलेला बाण हा नेम नव्हे, तो सट्टा आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की, हे दोन वारे एका खात्यावर मांडू नयेत. वासाचा वारा उलटा असताना जो जातो, तो स्वतःचे भांडवल पणाला लावतो. त्याचा दिवस वाया जाईल, मोक्याची जागा बिघडेल. सार्वजनिक जंगल असेल तर शेजारच्या शिकाऱ्याची थोडी कुरकूर ऐकावी लागेल. हरणाचे नुकसान काय? काही नाही. ते पळून जाईल आणि अधिक शहाणे होईल. ज्याला असा डाव खेळायचा आहे त्याने खुशाल खेळावा. त्याला शहाणपण शिकवणारे आपण कोण? पण झोताच्या वाऱ्यात बाण सोडणारा खेळतो ते दुसऱ्याच्या जिवावर. नेम चुकला तर शिकारी रात्रभर हळहळेल, हे खरे. पण पोटात बाण घेऊन झुडपात बसायचे असते ते हरणाला.

बँकेत आम्हाला पहिला धडा हाच देत असत. स्वतःच्या पैशाने माणूस जुगार खेळला तर तो त्याच्या घरचा प्रश्न. ठेवीदाराच्या पैशाने तेच केले तर तो विश्वासघात. मार्चअखेर जवळ आली की उद्दिष्टाचे आकडे समोर दिसू लागतात आणि एरवी परत पाठवला असता असा अर्जही बरा वाटू लागतो. अर्ज तोच असतो, बदललेले असते ते कॅलेंडर. नोव्हेंबरातल्या शिकाऱ्याचे नेमके हेच होते. वारा तोच असतो, पण उरलेले शनिवार दोन असतात.

यावर मला दिलेले एक उत्तर विचार करण्याजोगे आहे. माझ्या ओळखीचे एक जुने शिकारी म्हणाले, "वादळी दिवशीही मी जातो. बसतो. बाण सोडायचा की नाही ते वेळ आल्यावर ठरवतो. जाणे आणि मारणे या दोन गोष्टी आहेत." हे म्हणणे खरे आहे आणि त्यांच्यापुरते मला मान्यही आहे. जंगलात नुसते बसण्याचे सुख मी नाकारणार नाही. पण असा संयम फार थोड्यांकडे असतो. पहाटे तीनला उठून, थंडीत सहा तास काढून, वीस पावलांवर शिंगाळा नर उभा राहिल्यावर माणूस विचार करत नाही, त्याचा हात विचार करतो. म्हणून नवशिक्याने आणि आपल्यासारख्या सामान्य मनाच्या माणसाने निर्णय आदल्या रात्री घरी घ्यावा. झाड हलण्याइतका वारा असेल तर धनुष्य खुंटीवरून काढूच नये. आणि गेलाच तर अंतर निम्म्यावर आणावे. एरवी तीस यार्डांवरून बाण सोडत असाल तर त्या दिवशी पंधराच्या पुढे नाही. हा नियमही घरूनच करून न्यावा.

कायदा यात काही करू शकत नाही. परवाना आहे की नाही, हंगाम आहे की नाही, उजेडाची ठरलेली वेळ पाळली की नाही, एवढे कायदा तपासतो. त्या क्षणी फांदी किती हलत होती हे कोण तपासणार? विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापन शिकवणारे आल्डो लिओपोल्ड स्वतः हौसेने धनुष्य वापरत. शिकाऱ्याच्या वागण्यावर नजर ठेवायला कुणी प्रेक्षक नसतो, तेव्हा त्याला स्वतःच्या सदसद्विवेकावरच चालावे लागते, असे त्यांनी आग्रहाने मांडले. ते १९४८ साली वारले. धनुष्ये तेव्हापासून कितीतरी सुधारली, हा मुद्दा मात्र जुना झालेला नाही.

आपल्यालाही हे नवीन नाही. दशरथाने अंधारात, नुसत्या आवाजावर बाण सोडला. नेम अचूक होता, पण समोर कोण आहे याची खात्री नव्हती. पुढचे सारे रामायण त्या एका बाणाची परतफेड करत राहिले. उलट कालिदासाचा दुष्यन्त आश्रमाच्या हरणावर रोखलेला बाण तपस्व्याच्या शब्दासरशी मागे घेतो. त्या एका कृतीने त्याचा राजेपणा कमी झालेला नाही.

अडचण एवढीच की, मागे घेतलेल्या बाणाचे श्रेय कुठे मिळत नाही. मारलेल्या हरणाचा फोटो निघतो, शिंगे भिंतीवर लागतात. न गेलेल्या शनिवारची नोंद कोण ठेवतो? बँकेतही मंजूर कर्जाचे आकडे अहवालात येत. वेळीच नाकारलेल्या कर्जाने किती ठेवी वाचल्या, याचा रकाना एकाही फॉर्मात नव्हता. तरीही नाकारणारे अधिकारी होते, आणि बँका टिकल्या त्या बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे. तिकडे विस्कॉन्सिनातही खिडकीतून हलणारी झाडे पाहून चहाचा दुसरा कप ओतून घेणारे शिकारी आहेत. त्यांच्यापैकी कुणी भेटलाच तर यंदा किती हरणे मारलीत, असे मी त्याला विचारणार नाही. किती दिवस गेला नाहीत, तेवढे विचारीन.