मुलगा ऐकत नाहीं, म्हणजे काय?

एका आजीबाईंचें सविस्तर पत्र आमच्याकडे आलें आहे. नातू साडेचार वर्षांचा. एका जागीं बसत नाहीं, हांक मारली तर कित्येकदां वळून पाहत नाहीं, मनासारखें न झाल्यास जमिनीवर अंग टाकतो, आणि बालवाडींत त्यानें शेजारच्या मुलास दोनदां चावा घेतला. पुढील सत्रांत त्यास पाठवूं नये असें तेथील बाईंनीं सुचविलें आहे. घरांतले थोरले म्हणतात, आईच्या लाडानें बिघडला. आत्याबाई म्हणतात, दृष्ट लागली. एका डॉक्टरांनीं अतिचंचलता सांगितली, दुसऱ्यांनीं स्वमग्नता. धाकट्या सूनबाई कोणाशीं फारशा बोलत नाहींत, रात्रीं रडतात. "आम्हीं कोणाचें खरें मानावें?" असा आजीबाईंचा प्रश्न आहे.

प्रश्न फार चांगला आहे, कारण बहुतेक घरांत तो विचारलाच जात नाहीं. जो मोठ्यानें बोलतो त्याचें खरें ठरतें. मूल पाहिल्यावांचून त्याचा विकार सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं, परंतु निदानाची वाट कोणती, एवढें सांगतां येईल.

आपल्या भाषेंत 'ऐकत नाहीं' या शब्दांचे दोन अर्थ होतात: मूल सांगितलेलें मानीत नाहीं, किंवा त्यास ऐकूंच येत नाहीं. घरचीं माणसें नेहमीं पहिलाच अर्थ धरून चालतात. लहान मुलांत सर्दीपडशानंतर पुष्कळदां कानाच्या पडद्यामागें द्रव सांचून राहतो. कान बहुधा दुखत नाहीं, वाहत नाहीं. ऐकूं येणें मात्र कमीअधिक होत राहतें. काल हांकेस ओ देणारें मूल आज देत नाहीं, आणि आपण म्हणतों, "हवें तेव्हां बरें ऐकूं येतें याला!" वस्तुतः हा चढउतारच त्या दोषाची खूण असूं शकतो. यास्तव वागण्याबोलण्याच्या तक्रारींत पहिली परीक्षा कानांची. ताट वाजविल्यावर मूल वळलें, म्हणजे कान चांगले, ही समजूत सोडावी. ताटाचा आवाज कोठें आणि बोलण्यांतील 'स'काराचा बारीक ध्वनि कोठें! श्रवणतज्ज्ञांकडे या वयाच्या मुलाची रीतसर तपासणी होते. वांद्र्यास १९८३ सालीं निघालेली अली यावर जंग यांच्या नांवाची राष्ट्रीय संस्था वाचा आणि श्रवण यांच्याच कार्यास वाहिलेली आहे. त्याच खेपेस, मूल रात्रीं घोरतें काय, तोंड उघडें ठेवून झोंपतें काय, हेंहि डॉक्टरांस सांगावें. झोंप नीट न झालेला मोठा माणूस पेंगतो; मूल उलट अधिक धांवतें.

दुसरी एक गोष्ट शिक्षकाच्या पेशामुळें आम्हांस विशेष वाटते. शुद्धलेखन घालतांना एखादा मुलगा मधलेच चार शब्द गाळतो आणि पुढचे बिनचूक लिहितो. आळशी मुलाच्या चुका अशा नसतात. कांहीं सेकंद नजर शून्यांत लागते, पापण्या फडफडतात, मूल पडत नाहीं, आणि मागाहून त्यास कांहीं आठवत नाहीं. असें दिवसांतून अनेकदां होत असेल, तर तो अपस्माराचा एक प्रकार असूं शकतो. तज्ज्ञ डॉक्टर मुलास कागदी भिंगरी फुंकावयास लावून तो झटका प्रत्यक्ष पाहतात (घरीं हा प्रयोग करूं नये) आणि मेंदूच्या विद्युल्लहरींच्या आलेखानें खात्री करून घेतात. त्यावर औषध आहे. अशा मुलास छड्या मारून काय होणार?

आतां त्या दोन नांवांविषयीं. बाल्टिमोर येथील लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. 'स्वमग्नता' हा विकार तेव्हांपासून निराळा ओळखला जाऊं लागला. त्यांतील एका मुलास बहिरेपणाची तक्रार म्हणूनच आणलें होतें! म्हणजे घोटाळा दोन्ही बाजूंनीं होतो. दोन डॉक्टरांनीं दोन नांवें सांगितलीं म्हणून एक खोटा, असेंहि नाहीं. अमेरिकन मानसरोगचिकित्सकांच्या संहितेंत पूर्वीं हीं दोन्ही निदानें एका मुलास एकत्र देतां येत नसत. २०१३ च्या पांचव्या आवृत्तीनें ती आडकाठी काढली. मात्र अतिचंचलता ठरविण्यास लक्षणें घरीं आणि बालवाडींत, निदान दोन ठिकाणीं दिसावीं लागतात व सहा महिने टिकावीं लागतात. दहा मिनिटांच्या भेटींत तें दिसणार कसें?

येथें एकत्र कुटुंब उपयोगी पडतें. सात माणसांचीं सात मतें नकोत. सर्वांची मिळून एक वही असावी. तारीख, वेळ, रडणें सुरू होण्याच्या अगदीं आधीं काय घडलें, किती मिनिटें चाललें, कशानें थांबलें. 'आज फार त्रास दिला' हें टिपण नव्हे. मोबाईलवर दोन-तीन प्रसंगांचें चित्रण करून ठेवावें, बालवाडीच्या बाईंकडून चार ओळी लिहून घ्याव्या, आणि हें सारें मुलांच्या विकासाचे तज्ज्ञ असलेल्या एकाच डॉक्टरांपुढें ठेवावें.

आमच्या वैद्यकशास्त्रांत निदानाच्या पांच साधनांत 'उपशय' म्हणून एक सांगितलें आहे: ज्यानें गुण येतो त्यावरून रोग ओळखणें. अतिचंचलतेच्या बाबतींत हें साधन फसवें आहे. ज्यूडिथ रॅपोपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७८ सालीं दाखविलें कीं, चंचलतेवरील उत्तेजक औषधानें निरोगी मुलांचेंहि लक्ष अधिक लागतें. तेव्हां 'गोळीनें फरक पडला, म्हणजे रोग तोच' हा तर्क चालणार नाहीं. शिवाय एवढ्या लहान वयांत औषधापूर्वीं आईबापांस वळण लावण्याची रीत शिकविणें हाच आज पहिला उपाय मानतात.

त्या शिकविण्यास दोष देणें समजूं नये. आईच्या कोरडेपणानें मूल स्वमग्न होतें, असें मत पाश्चात्त्यांतहि बरींच वर्षें चाललें होतें. १९६४ सालीं बर्नार्ड रिमलंड यांनीं आपल्या ग्रंथांत त्याचें खंडन केलें. ते स्वतः अशा मुलाचे वडील होते. तिकडे कोरडेपणा, इकडे लाड, आरोपी तीच! सूनबाईंच्या देखत हा विषय पुनः निघूं नये, इतकें आजीबाईंनीं घरांत खडसावून सांगावें. त्यांचें वय आणि मान या कामीं येईल.

बालवाडींतून नांव काढण्याची घाई मात्र करूं नये. तपासणी चालू असल्याचें बाईंस लेखी कळवून एका सत्राची मुदत मागावी. कानांचा कागद हातीं आल्यावर आजीबाईंनीं आम्हांस पुन्हां लिहावें.