गेमिंग लॅपटॉपवर मॅक : पडदा काळा का पडतो?



गेल्या महिन्यात आपाचा फोन आला. "अरे, तुझ्या भाच्यानं लॅपटॉपचं काय करून ठेवलंय बघ. दोन रात्री जागतोय. आणि अम्मीचे सगळे फोटो त्यातच आहेत."

भाचा बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याच्या अब्बांनी कुवेतहून पैसे पाठवले, त्यातून हा गेमिंग लॅपटॉप घेतला होता. प्रोजेक्टसाठी त्याला आयफोनवर चालणारं ॲप करायचं होतं. असं ॲप तयार करायला एक्सकोड हा प्रोग्रॅम लागतो आणि तो फक्त मॅकवर चालतो. मॅक घेण्याइतके पैसे नाहीत, म्हणून त्याने आपल्या विंडोजच्या लॅपटॉपवरच मॅकओएस बसवायला घेतलं. या प्रकाराला ‘हॅकिंटॉश’ म्हणतात. अनेक घरांतली मुलं हा उद्योग करतात, म्हणून या वेळचं सदर त्यावर.

मी गेल्यावर पहिला प्रश्न विचारला, "फोटो कुठे आहेत?"

"डी ड्राइव्हवर, मामू."

"दुसरीकडे कॉपी?"

तो गप्प राहिला. अम्मी जाऊन दीड वर्ष झालं. तिच्या शेवटच्या ईदचे फोटो आणि तिच्या आवाजातली काही रेकॉर्डिंग त्या एकाच डिस्कवर होती. आणि पठ्ठ्या मॅकच्या डिस्क युटिलिटीत संपूर्ण डिस्क पुसण्याच्या बटणापर्यंत पोहोचला होता! तिथे डिस्कचं नाव निवडून ‘इरेज’ दाबलं की सी, डी, विंडोज सगळं एका झटक्यात जातं. मी आधी बाहेरची हार्ड डिस्क लावली आणि सगळं उतरवून घेतलं. तीन फाईली उघडून पाहिल्या, अम्मीचा आवाज ऐकला आणि मगच पुढचं काम हातात घेतलं. कॉपी केली एवढ्यावर थांबू नका, ती उघडते का तेही पाहा.

आता दुरुस्तीकडे वळू. या कामात सगळ्यांत मोठी चूक म्हणजे यंत्र न ओळखता सुरुवात करणं. गेमिंग लॅपटॉपमध्ये बहुधा दोन ग्राफिक्स असतात. एक प्रोसेसरमध्येच असलेलं इंटेलचं, दुसरं खेळांसाठीचं, बहुतेक वेळा एनव्हिडियाचं. भाच्याच्या लॅपटॉपमध्ये नवव्या पिढीचा आय-५, इंटेल यूएचडी ६३० आणि एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५० होतं. ज्या कार्डासाठी जास्त पैसे मोजले, ते मॅकच्या काही उपयोगाचं नाही. एनव्हिडियाच्या १६५० आणि त्यानंतरच्या कार्डांसाठी मॅकचे ड्रायव्हर कधी आलेच नाहीत. मॅक चालणार तो इंटेलच्या ग्राफिक्सवर. आणि तुमचा लॅपटॉप अकराव्या किंवा त्यापुढच्या पिढीच्या इंटेलचा असेल, तर त्यातल्या ग्राफिक्सलाही मॅक ओळखत नाही. तिथे रात्री जागण्यात अर्थ नाही.

यानंतर अडचणी एकेक करून सोडवल्या.

पहिली : इन्स्टॉलरला लॅपटॉपची डिस्कच दिसत नव्हती. कारण बायोसमध्ये होतं. पुष्कळ लॅपटॉपमध्ये डिस्कचा मोड इंटेल आरएसटी किंवा रेड असा ठेवलेला असतो. मॅकला एएचसीआय लागतो. पण हा मोड सरळ बदलला तर विंडोज निळा पडदा दाखवून बंद पडतं. म्हणून आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल असं ठरवून द्यायचं, मग बायोसमध्ये एएचसीआय करायचं, एकदा सेफ मोडमध्ये विंडोज उघडायचं आणि मग नेहमीसारखं सुरू करायचं. सिक्युअर बूट आणि फास्ट बूटही बंद करावं लागतं. त्याआधी विंडोजचं बिटलॉकर चालू आहे का पाहा आणि त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बायोसमध्ये बदल झाला की विंडोज ती मागू शकतं आणि नसली तर स्वतःच्याच डिस्कबाहेर उभं राहायची वेळ येते.

दुसरी : मॅकसाठी डिस्कवर वेगळी जागा केली, पण ती फॉरमॅट होईना. विंडोज स्वतःसाठी जो ईएफआय विभाग करतं तो अनेकदा १०० एमबीचा असतो. मॅकच्या डिस्क युटिलिटीला किमान २०० एमबी लागतो. तो वाढवल्यावर काम पुढे सरकलं.

तिसरी : पांढरं सफरचंद यायचं आणि तिथेच सगळं थांबायचं. सफरचंदाकडे बघत बसून काही कळत नाही. ओपनकोअर या बूटलोडरच्या कॉन्फिग फाईलमध्ये बूटच्या सूचनांत हायफन आणि व्ही हे अक्षर घातलं की सफरचंदाऐवजी ओळी धावू लागतात. शेवटच्या दहा-बारा ओळींचा मोबाईलने फोटो काढा. डॉक्टरला रक्ताचा रिपोर्ट लागतो, तसा हा फोटो लागतो. आमच्या फोटोत ‘रूट डिव्हाइसची वाट पाहत आहे’ अशा अर्थाची ओळ होती. म्हणजे इन्स्टॉलर ज्या पेनड्राइव्हवरून चालू होता, तोच वाटेत हरवला होता. मॅक एका यूएसबी कंट्रोलरवर पंधराच पोर्ट मोजतो आणि निळा यूएसबी-३ पोर्ट दोन म्हणून धरला जातो. पेनड्राइव्ह दुसऱ्या पोर्टात लावला आणि गाडी पुढे गेली. कायमचा इलाज म्हणजे खरोखर वापरात असलेल्या पोर्टांचा नकाशा करून देणं. तो नंतर केला.

चौथी, आणि दोन रात्री खाणारी : ओळी धावून झाल्या की पडदा काळा. भाच्याने कुणीतरी तयार केलेलं ईएफआय फोल्डर जसंच्या तसं उचललं होतं. ते दुसऱ्या मॉडेलचं होतं आणि त्यात ग्राफिक्सचा ओळख क्रमांक यूएचडी ६२० चा होता. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घातल्यासारखा प्रकार. यूएचडी ६३० चा क्रमांक घातला, एनव्हिडियाचं कार्ड मॅकपासून लपवण्याची सूचना दिली आणि पडदा उजळला. आपा आत चहा करत होती, तिला पोराच्या ओरडण्यानेच कळलं.

मात्र लपवलेलं कार्ड आतून वीज खातच राहू शकतं. लॅपटॉप तापतो, बॅटरी लवकर संपते. त्याची वीज खरोखर तोडायला एसएसडीटी नावाची छोटी फाईल वेगळी द्यावी लागते. आवाजासाठी ॲपलएएलसी, टचपॅडसाठी व्हूडूआयटूसी, इंटेलच्या वायफायसाठी आयटीएलडब्ल्यूएम असे लहान ड्रायव्हर लागतात, त्यांना केक्स्ट म्हणतात. एका वेळी एकच बदल करा आणि चालू स्थितीतलं ईएफआय फोल्डर पेनड्राइव्हवर जपून ठेवा. पाच बदल एकदम केले की बिघाड कुणामुळे झाला ते कळत नाही.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. त्या लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट एनव्हिडियाच्या कार्डाला जोडलेला आहे, म्हणून मॅकमध्ये बाहेरचा पडदा लागत नाही. पुष्कळ गेमिंग लॅपटॉपची हीच रचना असते. त्याला इलाज नाही.

सगळं चालू झाल्यावर आपाने सरळ विचारलं, "हे चालतं का रे? म्हणजे, परवानगी आहे?"

प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. मॅकओएस फुकट डाउनलोड होतं, पण ते बसवताना आपण ज्या करारावर ‘मान्य’ दाबतो, त्यात ते ॲपलच्याच यंत्रावर चालवण्याची अट आहे. अमेरिकेत सायस्टार नावाची कंपनी असे संगणक विकत होती. ॲपलने २००८ मध्ये खटला भरला आणि २००९ मध्ये निकाल ॲपलच्या बाजूने लागला. भाचा म्हणाला, "मामू, मी तर शिकण्यासाठी केलं." मी म्हटलं, "बेटा, हेतू चांगला म्हणून अट बदलत नाही. मान्य दाबलंस, तो शब्द दिलास." आणखी एक सांगितलं, हे दुसऱ्याला करून देऊन पैसे घेऊ नकोस आणि उद्या लॅपटॉप विकलास तर गिऱ्हाइकाला ‘मॅक चालतो’ असं सांगून फसवू नकोस.

शिवाय या वाटेचा शेवटही दिसतो आहे. ॲपलने २०२० पासून स्वतःच्या चिप वापरायला सुरुवात केली आणि २०२५ मध्ये जाहीर केलं की टाहो ही इंटेलच्या मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती. त्यानंतरचं मॅकओएस अशा लॅपटॉपवर येणार नाही.

दोन दिवसांनी भाच्याचा फोन आला. त्याने कॉलेजच्या सरांना विचारलं होतं. लॅबमध्ये एक मॅक आहे, आठवड्यातून दोन दुपारी वापरायला मिळेल. ॲपचं बरंचसं काम फ्लटरमध्ये विंडोजवरच होतं, शेवटची बांधणी तेवढी मॅकवर करावी लागते. विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी मिळालं असतं. "पण मामू, बूट म्हणजे काय ते मला आता खरंच कळलं," असंही तो म्हणाला. त्याने लॅपटॉपवरचं मॅक स्वतःच काढून टाकलं.

तुमच्या घरातलं मूल असं काही करत असेल तर रागावण्याआधी तीन प्रश्न विचारा. कॉपी घेतलीस का? यंत्र ओळखलंस का? यासाठी दुसरी सरळ वाट आहे का? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर लॅपटॉप आधी बंद करायला सांगा.

अम्मीचे फोटो आता तीन ठिकाणी आहेत. आपल्या घरातले फोटो कुठे-कुठे आहेत, ते आजच पाहून घ्या. पुढच्या अंकात त्याबद्दलच बोलू.