क्रॅकवर चालणारा धंदा

ओपन सोर्स सॉफ्टवेअर छोट्या धंद्यांत का रुजत नाही, हे शोधायला परिसंवाद भरवायची गरज नाही. कारण पेनड्राइव्हमध्ये सापडतं. कोल्हापूर, शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात मी लहान कारखान्यांचे, दुकानांचे कॉम्प्युटर सांभाळतो. लिबरऑफिस फुकट आहे असं सांगितलं की शेठ शांतपणे म्हणतात, ‘‘आमचं एक्सेल बी फुकटच हाय की!’’ विकत घेतलेल्या ऑफिसपुढे लिबरऑफिस किमतीत सहज जिंकेल. चोरलेल्या ऑफिसपुढे कसं जिंकणार?

कॉपीराइट कायद्याच्या ६३-ब कलमात असं चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरल्याबद्दल ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. पण त्याची धास्ती कुणी घेत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही धास्ती वेगळ्याच गोष्टीची आहे. क्रॅक, म्हणजे लायसनचं कुलूप तोडणारी फाइल, टाकायची पहिली पायरी कोणती? अँटीव्हायरस बंद करा. कुणी बनवली, कशासाठी बनवली, काही पत्ता नसलेल्या फाइलच्या हाती आपण स्वतःहून सगळ्या किल्ल्या देतो.

शिरोलीच्या एका फाउंड्रीत याचं फळ मिळालं. सोमवारी सकाळी स्टोअरवाल्यानं मशीन चालू केलं, तर टॅलीचा डेटा, कोटेशनं, पॅटर्नची ड्रॉइंगं, सगळ्या फाइलींची नावं बदललेली आणि प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणीची चिठ्ठी. वाचवलं ते कोपऱ्यातल्या एका जुन्या डेस्कटॉपनं. त्याला मॉनिटरसुद्धा नव्हता. त्यावर डेबियन ही फुकट लिनक्स प्रणाली होती; रोज रात्री तिच्यातला आरसिंक प्रोग्राम बाकीच्या मशिनांवरच्या फाइली ओढून घ्यायचा आणि तारखेवार प्रती ठेवायचा. शनिवारची प्रत शाबूत निघाली. दुपारी गाडी भरली तेव्हा चलन निघालं होतं.

म्हणून सगळंच बदला, असं मी म्हणत नाही. फ्लेक्सच्या दुकानात मी इंकस्केप या चित्रं-डिझाइनच्या फुकट सॉफ्टवेअरचा हट्ट धरत नाही. गिऱ्हाईक कोरलड्रॉची फाइल घेऊन येतं, ती इंकस्केपमध्ये उघडली की मांडणी विस्कटते. छपाईला लागणाऱ्या सीएमवायके रंगांच्या बाबतीतही ते कमी पडतं. त्यांनी कोरलच वापरावं, फक्त विकत घ्यावं. सीए टॅलीचा डेटा मागत असेल तर टॅली ठेवावं. पण बाकीच्या टेबलांवर पत्रं, कोटेशनं आणि हजेरीचे तक्ते एवढंच काम असतं, त्यासाठी चोरीचं ऑफिस कशाला? मॅक्रो भरलेली एखादी शीट लिबरऑफिसमध्ये अडते, ती आधी तपासून घ्यावी.

मोठं काम असेल तर मुंबईच्या फ्रॅपे कंपनीनं घडवलेलं ईआरपीनेक्स्ट आहे. खरेदी, स्टॉक, उत्पादन, हिशेब सगळं त्यात येतं. इथं मात्र मी आधीच बजावतो: लायसनचे पैसे वाचतील, माणसाचे वाचणार नाहीत. ‘एमएस प्लेट १० एमएम’ आणि ‘१० मिमी प्लेट (एमएस)’ हा एकच माल आहे, हे कुणीतरी बसून निस्तरावं लागतं. ते न करता सॉफ्टवेअर टाकायचं आणि महिन्याभरात ‘फुकटातलं ते असलंच’ म्हणत काढून टाकायचं, हा प्रकार मी पुष्कळ पाहिला आहे.

पैसे फक्त माझ्यासारख्याला द्यायचे असंही नाही; सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांनाही द्यायला हवेत. ‘एक्सझेड’ नावाचं, फाइली दाबून लहान करणारं एक साधन जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. फिनलंडचा एक माणूस ते बिनपगारी सांभाळायचा. मदतनीस म्हणून एकजण आला, विश्वास कमावला आणि त्यात चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरच्या लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून हा चोरदरवाजा उघडकीला आला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तो पोचला नव्हता. एवढ्या मोठ्या डोलाऱ्याखाली एकटा थकलेला माणूस असावा, हे वापरणाऱ्या सगळ्यांनाच शोभत नाही. त्याच वर्षी झिरोधा या शेअर दलाली कंपनीनं अशा प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. त्यांचा बराचसा कारभार ओपन सोर्सवरच चालतो.

आपल्याकडे तेवढी ऐपत कुणाची नाही. मी वार्षिक देखभालीच्या बिलात डेबियन आणि लिबरऑफिसच्या देणगीची वेगळी ओळ टाकतो, मशीनमागे १०० रुपये. बहुतेक शेठ ती खोडतात. फाउंड्रीवाल्यांनी मात्र पावती मिळेल का, एवढंच विचारलं. एकेका कारखान्याला स्वतःचा जाणता माणूस परवडत नाही, हेही मला मान्य आहे. तेव्हा स्मॅक आणि गोशिमा या आपल्या उद्योजक संघटनांनी सभासदांसाठी मिळून दोन-तीन पोरं नेमावीत. बॅकअप, लिबरऑफिस आणि ईआरपीनेक्स्ट यांत ती तयार करावीत आणि त्यांचा पगार वर्गणीतून काढावा. तसं झालं तर माझी काही गिऱ्हाइकं जातील. जाऊ देत.