घर आजचं, भाव उद्याच्या शहराचा

विरार मागे पडलं की डहाणू लोकलमध्ये जरा पाय मोकळे करायला जागा मिळते. वैतरणेची खाडी, सफाळे, केळवे रोड असं करत पालघर जवळ आलं की होर्डिंग सुरू होतात. हसरं चौकोनी कुटुंब, मागे नको तेवढी हिरवीगार टेकडी आणि खाली ठरलेले शब्द: बुलेट ट्रेन, वाढवण बंदर, चौपदरी रेल्वे. 'मुंबई फक्त अमुक मिनिटांवर' हेही असतंच. ती मिनिटं कुणी, कुठल्या गाडीत बसून मोजली, हा पीएचडीचा विषय आहे.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही अजून कॉलेजात, फ्लॅट हा आईबाबांचा विषय. पण बहुतेक घरांत ब्रोकरने व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं ब्रोशर नीट वाचणारे तुम्हीच असता. बँकेचं अॅप तुमच्याच फोनवर असतं. आणि आज घेतलेलं 20 वर्षांचं कर्ज फिटेपर्यंत तुम्ही चाळिशीला टेकलेले असाल. तेव्हा 'मला काय त्याचं' म्हणायची सोय नाही.

मुंबईत परवडत नाही, वसई-विरार भरत आलं, म्हणून पालघर आणि बोईसर. हे गणित चूक नाही. 1 ऑगस्ट 2014ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याआधी एप्रिल 2013मध्ये चर्चगेटहून येणारी लोकल विरारच्या पुढे डहाणूपर्यंत धावू लागली होती. सिडकोने कोळगावजवळ नवनगर आखलं आणि ऑगस्ट 2021मध्ये तिथल्या जिल्हा मुख्यालयाचं उद्घाटन झालं. म्हणजे जिल्ह्यालाच स्वतःचं घर मिळायला सात वर्षं लागली. तिकडे बोईसरला तारापूर एमआयडीसी आहे, 1969पासून वीज देणारं अणुऊर्जा केंद्र आहे, हजारो लोकांच्या नोकऱ्या आहेत. कामाच्या जागेजवळ घर हवं, ही मागणी खरी आहे. कुणी हवेत निर्माण केलेली नाही.

गडबड पुढे आहे. तुमच्याकडून भाव मागितला जातो तो उद्याच्या शहराचा. हप्ता मात्र आजपासून सुरू होतो आणि राहायचंही आजच्याच गावात असतं. त्यामुळे होर्डिंगवरची एकेक गोष्ट उचलून ती आज कुठे आहे, हे बघायलाच हवं.

रेल्वेपासून सुरू करू. चर्चगेट ते विरार 60 किलोमीटर. विरार ते डहाणू रोड आणखी 64, आणि या टप्प्यात वर्षानुवर्षं दोनच रूळ. त्याच दोन रुळांवर लांब पल्ल्याच्या गाड्या, मालगाड्या आणि आपली लोकल. मागून सुपरफास्ट आली की लोकल बाजूला उभी, हे रोजच्या प्रवाशाला नव्याने सांगायला नको. चौपदरीकरणाला एमयूटीपी-3 मध्ये 2016च्या अखेरीस मंजुरी मिळाली, काम सुरू आहे. पण तुम्ही पहिल्या वर्षाला असताना मंजूर झालेलं नाही ते. तुम्ही शाळेत होतात तेव्हाचं आहे!

बुलेट ट्रेनचं भूमिपूजन सप्टेंबर 2017मध्ये साबरमतीला झालं. तेव्हा 2022 हे वर्ष सांगितलं गेलं होतं. बोईसर हे तिच्या 12 स्थानकांपैकी एक आहे, हे खरंच. आता ती सुरू झाली असं धरून चाला आणि स्वतःला विचारा: बीकेसीला नोकरी करणारी व्यक्ती तिचं तिकीट रोज काढेल का? वाढवण बंदराला जून 2024मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, 30 ऑगस्ट 2024ला पालघरच्या सिडको मैदानावर पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. खर्चाचा आकडा 76 हजार कोटींच्या वर. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध नव्वदच्या दशकापासूनचा आहे आणि 1998मध्ये याच जागेवरचं बंदर एकदा बारगळलंही होतं. या वेळी तसं होईल असं मला वाटत नाही. पण बंदरातली पहिली नोकरी आणि तुमचा पहिला हप्ता यांच्यामध्ये काही वर्षांचं अंतर आहे, एवढं नक्की.

तोवर पैशाचं काय होतं ते बघू. समजा 25 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, मुदत 20 वर्षं. हप्ता येतो साधारण 21,700 रुपये आणि एकूण फेड जाते 52 लाखांवर. 'मुदत वाढवा, हप्ता कमी होईल' असं बँकेतला माणूस प्रेमाने सांगतो. 30 वर्षं केली तर हप्ता 19,200च्या आसपास येतो. महिन्याला अडीच हजार वाचले म्हणून खूश व्हायच्या आधी फेड बघा: 69 लाखांच्या वर. (माझ्या इंटर्नशिपच्या मानधनात त्या अडीच हजारांना फार मान आहे, तरीही.) बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत घर घेतलंत तर सध्याचं भाडं आणि कर्जाचं व्याज दोन्ही एकाच पगारातून जातं. ताबा दोन वर्षं लांबला तर ती दोन वर्षं कुणी भरून देत नाही. कायद्याने व्याज मागता येतं, पण ते मागण्यासाठी तक्रार, सुनावणी, आदेश आणि मग वसुली, एवढ्या पायऱ्या चढाव्या लागतात.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा आहे, पण आपल्या जिल्ह्यात त्याची किंमत लोकांनी मोजलेली आहे. नालासोपाऱ्याच्या अगरवाल नगरीतल्या 41 इमारती आठवतात? सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जमिनीवर त्या उभ्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नोव्हेंबर 2024 ते फेब्रुवारी 2025 या काळात त्या पाडल्या गेल्या. दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर असताना मुलं सामानासकट रस्त्यावर होती. तिथल्या लोकांनी घरं फुकट घेतली नव्हती, पैसे मोजूनच घेतली होती. पुढे ऑगस्ट 2025मध्ये विरारच्या विजय नगरमधल्या रमाबाई अपार्टमेंटचा भाग मध्यरात्री कोसळला आणि 17 जण गेले. ती इमारतही बेकायदा होती आणि बांधून पुरती पंधरा वर्षंही झालेली नव्हती. स्वस्त घराच्या किमतीत काय काय वजा केलेलं असतं, हे कधी कधी असं कळतं.

यावर सगळे एकच उत्तर देतात: 'रेरा नंबर बघून घ्या.' बघाच. 500 चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन किंवा आठपेक्षा जास्त घरं असतील तर नोंदणी बंधनकारक आहे आणि ऑगस्ट 2023पासून जाहिरातीवर क्यूआर कोड छापावा लागतो. तो स्कॅन करा. प्रकल्प पूर्ण करायची तारीख किती वेळा पुढे ढकलली आहे, जमिनीवर कर्ज किंवा कोर्टकज्जा आहे का, किती फ्लॅट विकले गेलेत, हे सगळं महारेराच्या साइटवर दिसतं. इन्स्टावर एखाद्याचं जुनं प्रोफाइल उकरून काढायला तुम्हाला जेवढा वेळ लागतो, त्याहून कमी वेळात होतं हे काम.

पण नंबर आहे म्हणजे झालं, असंही नाही. कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराचे नंबर मिळवले होते. नोव्हेंबर 2024मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितलं. म्हणून परवानगी ज्याने दिली म्हणतात, त्याच्याच कार्यालयात जाऊन खात्री करायची. पालघर शहरात नगरपरिषद, नवनगरात सिडको, औद्योगिक क्षेत्रात एमआयडीसी. बोईसरची गोष्ट जास्त गुंत्याची. 2011च्या जनगणनेत ते 36 हजार वस्तीचं 'जनगणना शहर' ठरलं, पण दिसायला शहर आणि कारभार ग्रामपंचायतीचा, अशीच अनेक वर्षं गेली. आजूबाजूच्या सरावलीसारख्या गावांच्या हद्दी कुठे संपतात ते तिथे राहणाऱ्यालाही पटकन सांगता येत नाही. अशा ठिकाणी 'ग्रामपंचायतीची एनओसी आहे' किंवा 'घरपट्टी लागलेली आहे' हे शब्द ऐकलेत तर कान टवकारा. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. आणि नोटरी केलेल्या स्टॅम्प पेपरवर चाळीतली खोली 'विकत' घेता येते असं कुणी म्हणालं, तर तिथून सरळ घरी या. नोंदणी झाल्याशिवाय मालकी तुमच्याकडे येत नाही.

पालघरपुरती आणखी एक गोष्ट, जी मुंबईहून घर बघायला येणाऱ्यांच्या गावीही नसते. जिल्ह्याचा मोठा भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतो. आदिवासी व्यक्तीची जमीन परवानगीशिवाय बिगर आदिवासीला हस्तांतरित करता येत नाही, असं महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 36अ सांगतं. वारली, कोकणा, कातकरी कुटुंबांच्या जमिनी कवडीमोलाने गेल्या, तो इतिहास या कायद्यामागे आहे. त्यामुळे सातबारा उघडताना नुसतं मालकाचं नाव वाचून थांबू नका. इतर हक्कांच्या रकान्यात काय लिहिलंय, भोगवटा वर्ग 1 आहे की 2, जुने फेरफार काय सांगतात, तेही बघा. महाभूलेखवर हा उतारा फुकट दिसतो. कळला नाही तर गावात तलाठी आहेत आणि वकिलाची फी फ्लॅटच्या किमतीपुढे काहीच नाही. एखाद्या कुटुंबाची हिसकावलेली जमीन आपल्या हॉलच्या फरशीखाली असू नये, हे कायद्याच्या भीतीपलीकडेही वाटायला हवं.

आणि मग पाणी, हवा. सूर्या नदीवरचं धामणी धरण याच जिल्ह्यात. मूळ योजना सिंचनाची. तिथून दिवसाला 403 दशलक्ष लिटर पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला नेणारी योजना एमएमआरडीएने उभारली. तेव्हा 'धरण जवळ आहे' हे वाक्य ऐकून भुलू नका. जलवाहिनी दारावरून जाणं वेगळं आणि नळाला पाणी येणं वेगळं. सोसायटीत आधीपासून राहणाऱ्या एखाद्या काकूंना मे महिन्यात टँकर किती येतात आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत का, एवढंच विचारा. सेल्स ऑफिसपेक्षा खरं उत्तर मिळेल.

हवेचं तर तारापूरने रेकॉर्डच केलं आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018च्या मूल्यांकनात तारापूर औद्योगिक क्षेत्राला 93.69 गुण मिळाले. हे गुण जास्त म्हणजे वाईट, आणि देशात पहिला नंबर आपला. सत्तरच्या वर गेलं की 'अतिप्रदूषित'. जानेवारी 2020मध्ये एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन आठ जण दगावले, त्याचा आवाज कित्येक किलोमीटरवर ऐकू गेला होता. अणुऊर्जा केंद्राभोवती पाच किलोमीटरपर्यंत वस्ती वाढण्यावर नियंत्रण असतं आणि 16 किलोमीटरपर्यंत आपत्कालीन नियोजनाचा पट्टा असतो. हे घाबरवायला सांगत नाहीये, लाखो लोक तिथे राहतात, कमावतात, लग्नं करतात. पण कारखान्याकडून वारा येणाऱ्या बाजूच्या आणि त्याच्या उलट बाजूच्या फ्लॅटचा चौरस फुटाचा भाव सारखाच सांगत असतील, तर घासाघीस करायला तुमच्याकडे मुद्दा आहे. तीच गोष्ट भूकंपाची. नोव्हेंबर 2018पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात, धुंदलवाडीच्या आसपास धक्क्यांची मालिका सुरू झाली. इमारतीचं डिझाइन कुठल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने केलंय, हा प्रश्न इथे कुठल्याही मॉड्युलर किचनच्या आधी यायला हवा.

मग घ्यावं की नाही? माझं मत विचाराल तर ज्या घरातल्या कुणाची नोकरी पालघर-बोईसरमध्येच आहे आणि ज्यांना भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं तयार घर दिसतंय, त्यांनी जरूर विचार करावा. असं प्रमाणपत्र मिळाल्यानंतर घेतलेल्या घरावर जीएसटीही लागत नाही. घर आईच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, तीही सोडू नका. 'बंदर आलं की डबल होईल' एवढ्या एकाच आधारावर कर्ज काढणाऱ्यांनी मात्र थोडं थांबून भाड्याने राहून बघावं. एक पावसाळा आणि एक मे महिना काढला की गाव बरंच काही आपणहून सांगतं.

आणि बुकिंगच्या दिवशी 'आजच टोकन द्या, उद्या रेट वाढतोय' असं ऐकू येईलच. करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायला रेरा कायद्याची मनाई आहे. बाबा चेकबुक काढत असतील तेव्हा हे वाक्य मोठ्याने म्हणायचं काम तुमचं.