पहारेकरी दोन, डोळा एकच

१३ सप्टेंबर २०१८ रोजी दुपारी चारच्या सुमारास अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील लॉरेन्स, अँडोव्हर व नॉर्थ अँडोव्हर या गावांत घराघरांतून आगी भडकल्या. एक तरुण प्राणास मुकला, वीसहून अधिक जण जखमी झाले आणि १३१ इमारतींची हानी झाली. नळीतील वायूचा दाब मर्यादेबाहेर चढला, एवढेच त्याचे कारण. परंतु तो चढला कसा, हे प्रत्येक कारखानदाराने समजून घ्यावे असे आहे.

तेथे चौरस इंचास सुमारे ७५ पौंड दाबाचा वायू अर्ध्या पौंडावर उतरवून घरांना पुरविला जाई. हे काम एकामागे एक बसविलेले दोन रेग्युलेटर करीत. पहिला चुकला तर दुसऱ्याने सावरावे, अशी योजना होती. बिडाची जुनी वाहिनी बाद करून प्लॅस्टिकची नवी जोडण्याचे काम त्या दिवशी चालू होते. रेग्युलेटरना दाबाची वर्दी देणाऱ्या नळ्या मात्र बाद वाहिनीलाच जोडलेल्या राहिल्या. त्या वाहिनीतील दाब ओसरताच, पुरवठा घटला असे ‘समजून’ दोन्ही रेग्युलेटर उघडत गेले. यंत्रे बिघडली नव्हती. त्यांना मिळालेली वर्दी खोटी होती. दूर ओहायोतील नियंत्रणकक्षात धोक्याची सूचना पोचली, पण तेथून झडप बंद करण्याची सोय नव्हती.

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने कंपनीच्या सदोष अभियांत्रिकी व्यवस्थापनावर ठपका ठेवला. २०२० साली कोलंबिया गॅस कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल करून ५ कोटी ३० लक्ष डॉलर दंड भरण्याचे मान्य केले.

कारखान्यांतील भट्ट्या व बॉयलर यांच्या बर्नरपाशीही उच्च दाबाचा वायू असाच उतरवून घेतला जातो. रेग्युलेटरचा पडदा फाटला किंवा झडपेच्या बैठकीत कचरा अडकला, की वरचा दाब थेट खालच्या नाजूक जोडण्यांवर येतो. त्यावर दुसरा रेग्युलेटर, जादा वायू बाहेर सोडणारी सुरक्षा झडप, अथवा दाब वाढताच पुरवठा तोडणारी झडप असे उपाय आहेत. सुरक्षा झडप पूर्ण उघड्या राहिलेल्या रेग्युलेटरचा सारा प्रवाह पेलणारी हवी. लहान झडप हे केवळ समाधान होय. तिचे तोंड छपराबाहेर, ठिणगीपासून दूर असावे. पुरवठा तोडणारी झडप पुन्हा हातानेच उघडावी लागते. तो तिचा दोष नसून गुण आहे, कारण त्यामुळे माणसाला कारण शोधणे भाग पडते.

अशा झडपेमुळे उत्पादन वारंवार थांबते, ही तक्रार निराधार नाही. परंतु तिच्यावरचा इलाज झडप निकामी करणे हा नव्हे, नियमित तपासणी हा आहे. मुख्य म्हणजे संरक्षणाचे दोन उपाय एकाच नळीवर, एकाच वर्दीवर विसंबून असता कामा नयेत. आणि वाहिनीत कोणताही फेरफार करण्यापूर्वी जबाबदार अभियंत्याने नकाशा तपासून त्यावर सही करावी. मॅसॅच्युसेट्सने अशा सहीची सक्ती करणारा कायदा केला, तो दुर्घटनेनंतर. पहारेकऱ्यांची संख्या वाढवून सुरक्षितता येत नाही. प्रत्येकाला स्वतःचा डोळा असावा लागतो.